गाडीला कासरा

गाडी शिकवायच्या आधी वस्तादांनी माझे दात बघितले.

तोंड उघडा म्हणाले, मी उघडलं. खालचे दोन पडलेले होते, ते त्यांनी मोजले. मग मला अंगणात दहा पावलं चालायला लावलं, मागून टाचा बघितल्या आणि माझ्याशी न बोलता दावणीला बोलावं तसं म्हणाले, "वय झालंय. पण वळंल."

वस्ताद बैल वळवायचे. गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा झाला की त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं, त्याला सरळ चालायला आणि सांगितल्यावर थांबायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा. बिलोली तालुक्यातली वीस-पंचवीस गावं त्यांना ओळखत होती. त्यांचं खरं नाव मला मतदानाच्या चिठ्ठीवर वाचून कळलं, आणि ते वाचूनही मी विसरले. बैल हाकायचा कासरा त्यांच्या खांद्यावर कायम असायचा. लग्नाकार्यातही असायचा. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाच्या फोटोत ते कासऱ्यासकट उभे आहेत आणि व्याही थोडे लांब उभे आहेत.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. दिवसातून एकदा तरी ते कुणाला ना कुणाला ऐकवायचेच: "माझ्या कासऱ्यात थांबलं न्हाई असं जनावर अजून जन्मलं न्हाई."

मग ट्रॅक्टर आले. गावात बैलांच्या सात जोड्या राहिल्या, मग तीन. वळवायला गोऱ्हेच उरले नाहीत. दुसरा माणूस पारावर जाऊन बसला असता. वस्तादांनी मोटारसायकली धरल्या. तेव्हा ज्याच्या त्याच्या दारात गाडी आली होती आणि जो तो पडत होता. वस्तादांचं म्हणणं असं की गाडी कारखान्यातून शिकूनच येते, वळवायचं असतं ते माणसाला, आणि पद्धत तीच. गोऱ्हा आठ दिवसांत वळतो, माणसाला पंधरा लागतात, मास्तर असला तर महिना. बदल्यात एक नारळ आणि एक उपरणं घ्यायचे, बैलाला घेत होते तेच.

बैलाचे सगळे नेम त्यांनी गाडीला लावले होते. अमावस्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, म्हणून अमावस्येला शिकवणी बंद. पोळ्याला तर त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी गाडीला चावीच लावायची नाही. ओढ्यावर ढकलत न्यायची, धुवायची, हँडलला गोंडे बांधायचे आणि दिवसभर सावलीत उभी करायची. एका पोळ्याला शाळेतले गुरुजी गाडीवर बसून बाजाराला निघाले. वस्तादांनी त्यांना वेशीतून परत फिरवलं. गुरुजी म्हणाले, गाडीला काय कळतंय. वस्ताद म्हणाले, "तुम्हाला कळंना, अन् गाडीला कळाया पायजे व्हय?"

हे सगळं मी लांबून बघत होते आणि हसत होते. माझ्यावर पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

माझा नवरा गेला त्या वर्षी आम्ही बैल विकले. त्याच वर्षी माझे गुडघे गेले. शेत गावापासून पाच किलोमीटर, नाल्यापलीकडं. जीप डांबरी रस्त्यानं जाते, शेताची वाट पाणंदीतून आहे. नवऱ्याला शेवटी शेवटी दिसत नव्हतं, त्यामुळं बैलगाडी पंधरा वर्षं मीच हाकली. आता गाडी होती, बैल नव्हते. चालत जायचं तर जाण्यायेण्यात अर्धा दिवस आणि पुढचे दोन दिवस गुडघ्यांना शेक.

दिराचं म्हणणं, शेत त्याला बटईनं द्यावं, त्यानं कसायचं आणि पीक निम्मं निम्मं. मुलगा लातूरला एका क्लासमध्ये कामाला आहे, तोही फोनवर म्हणाला, दे ना काकाला, कशाला तडफडत जातीस. त्याला शेत नकोच होतं, पण तसं तो म्हणत नव्हता. आमच्याकडं असले करार गुढीपाडव्याला होतात. पाडव्याला जे ठरलं ते वर्षभर मोडत नाही. भावकीत बटईनं दिलेलं शेत परत मिळत नाही असं नाही. मिळतं. पण परत येतं तेव्हा बांध दोन हात सरकलेला असतो, आणि तो पहिल्यापासून तिथंच होता असं सांगणारे चार जण तयार असतात.

पाडव्याला दोन महिने होते. भावकीतले सगळ्यात जुने आबा आमच्या ओसरीवर आले, दीर आला. दीर म्हणाला, "वयनी, शेतात जाताल कशावर?"

गोठ्यात मुलाची मोटारसायकल उभी होती. लातूरला शिकायला असताना त्यानं घेतलेली पहिली गाडी. लहान, वापरलेली, स्वस्तातली. पुढं मोठी घेतल्यावर ही त्यानं घरी आणून टाकली होती. तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या.

मी म्हटलं, "गाडीवर."

दीर हसला. आबा हसले नाहीत. ते म्हणाले की पाडव्याला मी गाडी चालवत शेतात पोचले तर शेत मीच करायचं, नाही पोचले तर दिराला द्यायचं, पुन्हा तक्रार नाही. मी हो म्हटलं आणि कोंबड्या उठवल्या.

वस्ताद मला खाली वयनी म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मी गाडीवर बसले की तू. उतरले की पुन्हा वयनी. मी एकदा विचारलं, हे काय. ते म्हणाले, जुवाखाली नातं नसतं.

पहिल्या दिवशी मी गोल पातळ नेसून गेले. त्यांनी परत पाठवलं, काष्टा घालून या म्हणाले. मी पेटीतली जुनी लुगडी काढली. गावातल्या पोरींना गाडीसाठी सलवारी शिवाव्या लागतात, माझं सासूच्या लुगड्यावर भागलं.

पहिले आठ दिवस चावी वस्तादांच्या कनवटीला. मी गाडी नुसती ढकलायची, गायरानाला एक फेरा, मग दुसरा. मी म्हटलं, गुडघे दुखतात म्हणून तर गाडी शिकायची, आणि तुम्ही गाडी ढकलायला लावता. वस्ताद म्हणाले, "दुखतेत म्हंजी हायेत. चल."

नंतर गाडी आडवी पाडून उचलायला लावली. चार दिवस. मग चावी दिली, आणि चावी दिली त्याच दिवशी मागं ओंडका बांधला. नवा गोऱ्हा उधळू नये म्हणून त्याला ओंडका ओढायला लावतात, ओढून ओढून तो शहाणा होतो. पुढं मी, मागं बाभळीचा ओंडका, कॅरियरला बांधलेला कासरा, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला वस्ताद. आम्ही तिघं गायरानात फिरलो की एवढी धूळ उठायची की शाळेच्या खिडक्या लावून घ्यायचे. गिअर हा शब्द ते वापरत नसत. पहिली चाल, दुसरी चाल म्हणायचे. चौथी चाल त्यांनी मला कधी शिकवली नाही. बाईमाणसाला चौथी कशाला, असं नाही, कुणालाच शिकवली नाही. चौथ्या चालीचा बैल त्यांनी पाहिला नव्हता.

एक महिना असा गेला. ओंडका सुटला, मग कासराही सुटला. मी एकटी गायरानाला फेरे घालू लागले. दीर लांबून बघायचा आणि बिडी पेटवायचा.

एका सकाळी समोर शेळी आली. थांबायला जागा भरपूर होती. पण माझा पाय ब्रेकवर जायच्या आधी हात मागं आले. मी हँडल दोन्ही हातांनी मागं ओढलं आणि तोंडानं होऽ होऽ म्हटलं. पंधरा वर्षं जे केलं तेच केलं. बैल असते तर जागेवर उभे राहिले असते. मोटारसायकलची उजवी मूठ मागं ओढली की ती पळते. ती पळाली. म्हणून मी आणखी ओढलं. म्हणून ती आणखी पळाली.

शेळी वाचली. गाडी दिराच्या कडब्याच्या गंजीत शिरली, मीही शिरले. दीर धावत आला. त्यानं आधी कडबा बघितला, मग मला. म्हणाला, "वयनी, शेत नाल्यापलीकडं हाय. हितं न्हाई."

वस्ताद रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. मला लागलं का हेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "व्हो म्हणलीस?" मी हो म्हटलं. "अन् मागं वढलंस?" मी म्हटलं, हो. ते कासरा खांद्यावर टाकून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी त्यांच्या घरी गेले. वस्ताद दाराकडं पाठ करून भिंतीशी दोरीसाठी वाख वळत बसले होते. त्यांची बायको दारात ज्वारी निवडत होती. ती माझ्याहून फटकळ. मी काही विचारायच्या आत तिनं सांगून टाकलं.

घरची शेवटची बैलजोडी विकली तेव्हा वस्तादांनीही मोटारसायकल घेतली होती. अशीच लहान. पहिल्याच बाजारच्या दिवशी बायकोला मागं बसवून निघाले. वेशीपाशी वळणावर म्हैस आडवी आली. वस्तादांनी हँडल मागं ओढलं.

"मी कमरंवर उकिरड्यात," ती म्हणाली, "अन् हे हँडल धरून व्हो व्हो करून राहिले. गाडी पडली तरी व्हो व्हो. साऱ्या तालुक्याचे बैल वळीवले, सोताचा हात वळला न्हाई."

ती गाडी त्यांनी आठवड्यात विकली. त्यानंतर ते कुठल्याही मोटारसायकलवर बसले नव्हते, पुढंही नाही, मागंही नाही. बाजाराला दहा किलोमीटर पायी जायचे. लोक समजायचे, वस्तादांना चालायची हौस आहे. मीही तेच समजत होते.

वस्ताद पाठ न वळवता म्हणाले, "पोरांनी कासरा कधी धरला न्हाई, त्यांना ह्यो रोग न्हाई. तुमचा अन् माझा हात एकच हाय, वयनी. देऊन टाका शेत दिराला."

मी उंबऱ्यावर बसले, कारण गुडघे उभं राहू देत नव्हते. पाडव्याला अठरा दिवस होते. मी विचारलं, "बैलाला खोड असली तर काय करता?"

"मोडतो."

"कशी?"

त्यांनी वाखाला एक पीळ दिला. मग म्हणाले, "टोचून."

मी म्हटलं, "मग टोचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या चपलेच्या चामड्याची एक पट्टी आणली. तिच्यात बाभळीचे तीन काटे बसवले होते. ती माझ्या उजव्या मनगटाला वरच्या बाजूनं बांधली. गाडी चालवायला मनगट थोडं वाकवलं तर काही होत नव्हतं. कासरा ओढल्यासारखं सगळं मागं घेतलं की काटे हाताच्या पाठीत शिरायचे. मी फेरे घालायची आणि वस्ताद कुठूनही समोर यायचे. झुडपातून, बांधाच्या आडून, एकदा झाडावरून उपरणं फेकलं. मला थांबायचं असायचं. धरायचं नाही, मूठ सोडायची आणि पाय दाबायचा. "बैल थांबवायचा तर धर," ते म्हणायचे, "हिला थांबवायचं तर सोड." हे बोलणं सोपं आहे. समोर माणूस उभा असताना हातातलं सोडून देणं सोपं नाही. पहिल्या दिवशी मी सात वेळा टोचून घेतलं आणि वस्तादांना एकदा धडक दिली. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, आणखी एक फेरा.

सोळा दिवस, सतराव्या दिवशी अमावस्या. मनगट सुजलं, खपल्या धरल्या, खपल्यांवर पुन्हा टोचलं. शेवटच्या तीन दिवसांत एकदाही टोचलं नाही. पण वस्ताद खूश नव्हते. गायरानातला बैल आणि रस्त्यातला बैल वेगळा असतो, एवढंच म्हणाले.

पाडव्याला मी गुढी उभी केली, कडुलिंबाचा पाला आणि गूळ खाल्ला, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला. आबा आणि भावकीतले चौघं दिराच्या ट्रॅक्टरवर बसून पुढं गेले होते. मी गाडी बाहेर काढली तर दारात वस्ताद. नवा पटका बांधलेला, खांद्यावर कासरा.

"मी मागं बसतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही बसत नाही.

"वळीवलेल्या गोऱ्ह्याच्या पयल्या औताला मी मागं असतोच."

त्यांनी कासऱ्याचं एक टोक सीटच्या पट्ट्याला गाठ मारून बांधलं आणि दुसरं हाताला गुंडाळलं. मी विचारलं, हे कशाला. म्हणाले, हात रिकामे राहिले तर भ्या वाटतं. मलाही भीती वाटत होती, पण माझे हात रिकामे नव्हते.

पहिली चाल, दुसरी चाल, गाव सुटलं. तिसऱ्या चालीत पाणंद. नाल्याचा उतार आला. दगडांचा, उभा उतार आहे तो. मी निम्म्यावर गेले तर खाली वळणावर दिराचा ट्रॅक्टर वाटेत आडवा उभा. मुद्दाम उभा केला होता की बंद पडला होता, देव जाणे. मी देवाला विचारलं नाही.

मागून वस्ताद ओरडले, "व्होऽ! व्होऽ!" आणि त्यांनी कासरा असा ओढला की सीट करकरली. तो आवाज कानात पडला आणि माझा उजवा हात मागं निघाला. त्या दिवशी पट्टी बांधलेली नव्हती. तरी मनगटाला टोचलं. मी मूठ सोडली. पाय दाबला. गाडी घसरत, वाकडी होत खाली गेली आणि ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला टेकून थांबली. टेकली, आपटली नाही. मग बंद पडली.

दीर पुढं आला. तो आबांना म्हणाला, "वस्तादांनी मागून दोरी वढली म्हणून थांबली. समद्यांनी बघितलंय. ह्याला काय चालवणं म्हणतेत?"

आबांनी कासऱ्याकडं बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. वस्तादांच्या हाताला तो अजून गुंडाळलेला होता, ताणलेलाच होता. वस्तादांच्या कासऱ्यात थांबत नाही असं जनावर नाही, हे त्या सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. वस्ताद गप्प बसले असते तर त्या दिवसापासून मोटारसायकलही त्यांच्या कासऱ्यात थांबते असं तालुकाभर झालं असतं. आणि माझं शेत गेलं असतं. माझ्या बोलण्याला तिथं किंमत नव्हती, हे मला माहीत होतं.

वस्ताद खाली उतरले. एक हात कासऱ्यात अडकलेला, त्यामुळं वेळ लागला.

"आबा," ते म्हणाले, "दोरी कशाला बांधलीया, हात लावून बगा."

आबा वाकले. पट्ट्याखाली बोटं घालून गाठ चाचपली. "शीटाला."

"शीट वढल्यावर गाडी थांबती व्हय?"

"न्हाई."

"मग माझ्या कासऱ्यात ती थांबली न्हाई."

दिरानं विचारलं, "मग तुमी वढीत कामून व्हता?"

वस्ताद हाताचा कासरा सोडवत होते. गाठ आवळली होती, ती सुटेना. त्याच्याकडंच बघत ते म्हणाले, "मला दुसरं येतंय काय?"

आबांनी दिराला ट्रॅक्टर बाजूला घ्यायला सांगितलं. तिला शेतात जायचंय, म्हणाले. दुसऱ्यांदा बटण दाबलं तशी गाडी चालू झाली. मी नाला ओलांडून बांधापाशी गेले, उतरले आणि आधी बांध जिथल्या तिथं आहे का ते बघितलं. होता.

त्या दिवसानंतर वस्तादांनी ते जनावराचं बोलणं पुन्हा कधी केलं नाही. कुणी मुद्दाम काढलंच तर, असंल एखादं, म्हणायचे.

पण बाजाराला मात्र ते माझ्यामागं बसून येऊ लागले. पुढची सहा वर्षं आले. त्यांची बायको नाही आली, ती जीपनं जायची आणि आमच्या आधी पोचायची. वस्ताद दर वेळी कासरा सीटला बांधायचे. वळण आलं, म्हैस आली, बिलोलीचा चौक आला की मागून होऽ म्हणायचे आणि ओढायचे. मी मूठ सोडायची, पाय दाबायची. गाडी थांबायची. मग ते कासरा सैल करून मागून म्हणायचे, "हाव. आता चल." तू म्हणायचे. उतरले की वयनी.

दोन वर्षांमागं गेले. ताप आला होता, आठ दिवसांत आटोपलं. शेवटच्या बाजाराहून आलो तेव्हा कासरा सोडायचा राहिला. त्यांच्या बायकोला मी परत द्यायला गेले तर ती म्हणाली, माझ्या घरी आता काय बांधायचं आहे, ठेवा तिथंच. म्हणून तो सीटला तसाच आहे. शेत मीच करते. यंदा तूर आणि सोयाबीन आहे.

मागच्या महिन्यात बिलोलीच्या मिस्त्रीकडं गाडी नेली. तो नवा आहे. म्हणाला, "आजी, ही दोरी कशाची? चाकात जाईल. काढू का?"

मी म्हटलं, "राहू दे. ब्रेकची आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पायानं ब्रेक दाबून बघितला, दोरी ओढून बघितली, आणि दोन्ही चांगले आहेत म्हणाला.